फोल्डर उघडला की कॉम्प्युटर हँग होतो? ‘फॉरमॅट मारा’ म्हणण्याआधी हे तपासा

जुलैचा शेवटचा आठवडा. जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातलं एक सेवा केंद्र. बाहेर खरिपाचा पीक विमा भरायला आलेल्या शेतकऱ्यांची रांग. सातबारा, आधार, बँक पासबुक, पीक पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र, सगळं स्कॅन करून झालेलं. ऑपरेटरने स्कॅनचा फोल्डर उघडला. वरच्या पट्टीत हिरवी रेघ सरकायला लागली आणि अर्ध्यात अडकली. खिडकी फिकट पांढरी पडली, नावापुढे दोन शब्द आले, ‘नॉट रिस्पॉन्डिंग’.

“चार दिवसांपासून असंच व्हायलंय,” तो वैतागून म्हणाला. “दुकानवाला म्हणतो, फॉरमॅट मारावं लागंल.”

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. कॉम्प्युटर हळू चालतोय? फॉरमॅट मारा. फोल्डर उघडत नाही? फॉरमॅट मारा. या ऑपरेटरच्या कॉम्प्युटरवर गावातल्या लोकांचे कित्येक वर्षांचे स्कॅन होते, त्यातले बरेचसे थेट डेस्कटॉपवर. बॅकअप नव्हता. आणि गंमत म्हणजे त्याच्या विंडोजला काहीच झालेलं नव्हतं. नेमकं काय झालं होतं ते पुढे येईलच. आधी ही भानगड समजून घेऊ.

अडकलेली खिडकी आत्ता कशी सोडवायची?

पहिली गोष्ट, पॉवर बटण दाबून ठेवू नका आणि वायर तर अजिबात ओढू नका. डिस्कवर काही लिहिलं जात असताना वीज गेली तर फाइल अर्धवट राहू शकते. एक-दोन मिनिटं थांबा. कधी कधी खिडकी आपोआप जागी होते.

नाही झाली तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या यादीत ‘विंडोज एक्सप्लोरर’ शोधा, त्यावर राइट क्लिक करा आणि ‘रीस्टार्ट’ निवडा. क्षणभर खालची टास्कबार गायब होईल, डेस्कटॉप कोरा दिसेल. घाबरू नका, काही सेकंदांत सगळं परत येतं. क्रोममध्ये अर्धवट भरलेला फॉर्म किंवा वर्डमधली फाइल याने बंद होत नाही.

टास्कबार परत आलीच नाही, तर त्याच टास्क मॅनेजरमध्ये ‘रन न्यू टास्क’वर जाऊन इंग्रजीत ‘एक्सप्लोरर’ टाइप करा आणि एंटर मारा.

एक सावधगिरी मात्र हवी. पेन ड्राइव्हवर काही कॉपी किंवा कट-पेस्ट चालू असेल, तर ते काम एक्सप्लोररच करत असतो. त्याला रीस्टार्ट केलं की कॉपी मध्येच तुटते. अशा वेळी थोडा धीर धरलेला बरा. आणि महत्त्वाच्या फाइल्स कधीच ‘कट’ करून हलवू नका. आधी कॉपी करा, दुसरीकडे उघडून बघा, मग जुनी डिलीट करा.

हँग होतो म्हणजे नेमकं काय होतं?

आपण ज्याला ‘माय कॉम्प्युटर उघडणं’ म्हणतो, ते फाइल एक्सप्लोरर नावाचं प्रोग्रॅमचं काम आहे. विंडोजच्या काही जुन्या आवृत्त्यांमध्ये यासाठी ‘फाइल मॅनेजर’ होता. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आलं, त्यासोबत ‘विंडोज एक्सप्लोरर’ आला. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हा त्याचं नाव ‘फाइल एक्सप्लोरर’ झालं, पण टास्क मॅनेजरमध्ये तो अजूनही जुन्या नावानेच दिसतो. फोल्डरच्या खिडक्या, डेस्कटॉपवरचे आयकॉन आणि टास्कबार हे सगळं हा एकच प्रोग्रॅम सांभाळतो. म्हणून एक फोल्डर अडकला की अख्खा कॉम्प्युटर बंद पडल्यासारखा वाटतो.

सरकारी कार्यालयातली खिडकी डोळ्यांसमोर आणा. क्लार्क तुमचं नाव विचारतो आणि शिपायाला रेकॉर्ड रूममध्ये फाइल आणायला पाठवतो. शिपाई येईपर्यंत क्लार्क मान वर करत नाही आणि रांग जागच्या जागी थांबते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं क्लार्क काम करत नाही. खरं तर तो वाट बघतोय.

फाइल एक्सप्लोररचं असंच होतं. प्रत्येक खिडकीला विंडोज सतत संदेश पाठवत असतं: माउस हलला, क्लिक झालं, नव्याने रेखाटून घे. खिडकीने साधारण ५ सेकंद एकही संदेश उचलला नाही, तर विंडोज तिला ‘अडकलेली’ ठरवतं. मग तिच्या जागी तिचीच एक फिकट प्रतिमा ठेवतं, जेणेकरून तुम्हाला ती निदान बाजूला सरकवता यावी. ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहिलेली ती पांढरट खिडकी म्हणजे ही प्रतिमा.

म्हणजे ‘एक्सप्लोरर बिघडलाय का’ यापेक्षा ‘एक्सप्लोरर कोणाची वाट बघतोय’ हा प्रश्न जास्त कामाचा आहे. तो कधी फोटोंच्या छोट्या चित्रांची वाट बघत असतो, कधी बंद पडलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरची, कधी तुम्ही टाकलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरची, तर कधी मरायला टेकलेल्या हार्ड डिस्कची. प्रत्येकाचा इलाज वेगळा. फॉरमॅटने यातले पहिले तीन काही दिवस गप्प बसतात. चौथ्याच्या बाबतीत तुमचा डेटा जातो.

म्हणून दिवसभर फक्त एवढंच बघा, तो कधी अडकतो. एकाच फोल्डरमध्ये? उघडल्या उघडल्या, काहीही न करता? फक्त राइट क्लिक केल्यावर? पेन ड्राइव्ह किंवा फोन लावल्यावर? की कुठेही, कधीही? याचं उत्तर मिळालं की अर्धं काम झालं.

एकाच फोल्डरमध्ये अडकत असेल तर

मराठवाड्यातलं एक ताजं उदाहरण घेऊ. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. आंदोलनाचं केंद्र असलेलं अंतरवाली सराटी अंबड तालुक्यातलंच. जुनी महसुली कागदपत्रं, जन्म-मृत्यूच्या नोंदी असलेला गाव नमुना १४, शाळांची रजिस्टरं असं बरंच काही, त्यातलं काही मोडी लिपीतलं, तपासलं गेलं आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर नोंदींचे स्कॅन टाकले गेले. ते डाउनलोड करून पणजोबांचं नाव शोधणारे लोक जिल्ह्यात गावोगावी होते. डाउनलोड केलेलं सगळं जातं कुठे? ‘डाउनलोड्स’ नावाच्या एकाच फोल्डरमध्ये. त्यात आधीचे फॉर्म, लग्नपत्रिका, गाणी आणि रील्सही असतातच.

आता असा फोल्डर उघडला की काय होतं? एक्सप्लोरर प्रत्येक फाइलचं छोटं चित्र दाखवायला जातं. अंगठ्याएवढं चित्र दाखवायला त्याला मोठ्या स्कॅनची पूर्ण फाइल उघडावी लागते. जुन्या हार्ड डिस्कवर अशा हजार फाइल्स म्हणजे शिपायाच्या रेकॉर्ड रूममध्ये हजार फेऱ्या. एकदा काढलेली चित्रं विंडोज साठवून ठेवतं, त्यामुळे पुढच्या वेळी वेग वाढतो. पण हा साठाच खराब झाला तर तोच अडथळा होतो.

करायचं काय? फोल्डर उघडा, ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘डिटेल्स’ निवडा. एवढ्याने फरक पडला तर रोग सापडला. कायमचं करायचं असेल तर विंडोज ११ मध्ये वरच्या तीन टिंबांवर आणि विंडोज १० मध्ये ‘व्ह्यू’ टॅबवर ‘ऑप्शन्स’ मिळेल. त्यातल्या ‘व्ह्यू’ भागात ‘ऑलवेज शो आयकॉन्स, नेव्हर थम्बनेल्स’ या ओळीला टिक करा. साठलेली जुनी चित्रं पुसायला ‘डिस्क क्लीनअप’ उघडून फक्त ‘थम्बनेल्स’ला टिक करा. यात तुमचा एकही फोटो डिलीट होत नाही.

आणखी एक सेटिंग आहे आणि ते फार लोकांना माहीत नसतं. फोल्डरवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, मग ‘कस्टमाइझ’. तिथे हा फोल्डर कशासाठी वापरता असं विचारलेलं असतं. ‘पिक्चर्स’ निवडलेलं असेल तर एक्सप्लोरर फोटो कधी काढला वगैरे माहिती प्रत्येक फाइलच्या पोटात शिरून वाचतं. तिथे ‘जनरल आयटम्स’ करा, आणि खालची सबफोल्डरची टिकही लावा. मिनिटभर लागणारा ‘डाउनलोड्स’ फोल्डर एवढ्या बदलाने पटकन उघडू लागतो, हे मी स्वतःच्या लॅपटॉपवर पाहिलंय.

कधी दोष फोल्डरचा नसतो, एकाच फाइलचा असतो. अर्धवट डाउनलोड झालेला व्हिडिओ हे नेहमीचं गिऱ्हाईक. त्याचं चित्र काढायला गेलेला प्रोग्रॅम तिथेच घुटमळतो. ती फाइल शोधायची युक्ती सोपी आहे. आधी वर सांगितल्याप्रमाणे चित्रं बंद करा, अर्ध्या फाइल्स दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा, मग चित्रं चालू करून बघा कोणता फोल्डर अडकतो. जो अडकेल त्याचे पुन्हा दोन भाग करा. ८०० फाइल्समधली दोषी फाइल अशी जास्तीत जास्त १० फेऱ्यांत सापडते.

उघडल्या उघडल्या अडकत असेल तर

इथे आपण पुन्हा अंबडच्या केंद्रात जाऊ.

त्या केंद्रात दोन कॉम्प्युटर होते. स्कॅनर दुसऱ्याला जोडलेला आणि त्याचा स्कॅन फोल्डर पहिल्यावर ‘झेड ड्राइव्ह’ म्हणून दिसायचा. सोयीचा प्रकार, अनेक दुकानांत असतो. चार दिवसांपूर्वी त्या दुसऱ्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस जळाला आणि तो दुरुस्तीला गेला. स्कॅनर पहिल्याला जोडून काम चालू ठेवलं. पण झेड ड्राइव्ह तसाच राहिला. त्यामुळे कुठलाही फोल्डर उघडला की एक्सप्लोरर डाव्या यादीतल्या झेड ड्राइव्हची चौकशी करायला नेटवर्कवर जायचा. समोरून उत्तर नाही. उत्तर येण्याची मुदत संपेपर्यंत खिडकी अडकलेली.

‘धिस पीसी’मध्ये झेड ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘डिस्कनेक्ट’ केलं. काम झालं. चार दिवसांचा त्रास आणि दोन क्लिक.

तुमच्याकडे असे नेटवर्क ड्राइव्ह नसतील तरी हा प्रकार होऊ शकतो. एक्सप्लोरर उघडल्यावर आधी ‘होम’ किंवा ‘क्विक अ‍ॅक्सेस’ दिसतं. त्यात अलीकडे वापरलेल्या फाइल्सची यादी असते. ती फाइल काढून टाकलेल्या पेन ड्राइव्हवर किंवा बंद कॉम्प्युटरवर असेल तर पुन्हा तेच, वाट बघणं. ‘ऑप्शन्स’च्या ‘जनरल’ भागात सगळ्यात वर, एक्सप्लोरर कुठे उघडायचा हे विचारलेलं असतं, तिथे ‘धिस पीसी’ निवडा. खाली ‘प्रायव्हसी’मध्ये ‘क्लिअर’ बटण आहे, ते दाबा. फक्त यादी पुसली जाते, फाइल्स जागेवरच राहतात.

फक्त राइट क्लिक केल्यावर?

मग संशय बाहेरच्या सॉफ्टवेअरवर घ्या. विनरार टाकलं की राइट क्लिकच्या यादीत त्याची ओळ येते. अँटिव्हायरसची येते, क्लाउडवाल्यांची येते. यांना शेल एक्स्टेन्शन म्हणतात. अडचण अशी की हे पाहुणे एक्सप्लोररच्या घरातच राहायला येतात. त्यांचा कोड एक्सप्लोररच्या प्रक्रियेतच चालतो. पाहुणा अडकला की घरमालकही अडकतो, आणि नाव मात्र घरमालकाचं खराब होतं.

फ्लेक्स आणि लग्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्यांना हे जास्त जाणवतं. कोरलड्रॉसारखी सॉफ्टवेअर स्वतःच्या फाइल्सची चित्रं फोल्डरमध्ये दिसावीत म्हणून असं एक्स्टेन्शन सोबत टाकतात. त्यात एकाच कॉम्प्युटरवर दोन-तीन आवृत्त्या नांदत असतील, तर गोंधळाला निमित्त मिळतं.

निरसॉफ्टचं ‘शेलएक्सव्ह्यू’ नावाचं छोटं मोफत टूल इथे कामाला येतं. ते सगळ्या एक्स्टेन्शनची यादी दाखवतं. त्यात ‘ऑप्शन्स’मधून मायक्रोसॉफ्टची लपवा, उरलेली सगळी निवडून बंद करा आणि एक्सप्लोरर रीस्टार्ट करा. राइट क्लिक सुधारलं तर एकेक परत चालू करत जा. बंद केलेली कधीही परत चालू करता येतात, त्यामुळे धोका कमी. हे टूल निरसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या, टेलिग्रामवर आलेल्या फाइलवरून नको.

एक बारीक गोष्ट. ब्राउझरमध्ये ‘चूज फाइल’ दाबल्यावर उघडणारी खिडकीही विंडोजचा हाच कोड आणि हीच एक्स्टेन्शन वापरते. त्यामुळे फॉर्म भरताना क्रोम अडकला की आपण साइटला शिव्या घालतो. सर्व्हर डाउन असतो हे खरंच, पण प्रत्येक वेळी त्याचाच गुन्हा नसतो.

फोन आणि पेन ड्राइव्ह

केबलने फोन जोडून व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोंचा फोल्डर उघडलाय कधी? हिरवी रेघ सरकत राहते आणि आपण चहा पिऊन येतो. अँड्रॉइड फोन कॉम्प्युटरला साधा ड्राइव्ह म्हणून दिसत नाही. एमटीपी नावाच्या पद्धतीने एक्सप्लोरर फोनला विचारतो आणि फोन त्याच्या गतीने एकेका फाइलची माहिती देतो. पाच-सहा हजार ‘सुप्रभात’ असतील तर वेळ लागणारच. इथे बिघाड काही नसतो. फोनच्याच फाइल अ‍ॅपमध्ये हवे ते फोटो एका नव्या फोल्डरमध्ये काढा आणि तेवढाच फोल्डर कॉम्प्युटरवर उघडा.

पेन ड्राइव्हची गोष्ट निराळी. बरेच पेन ड्राइव्ह अजूनही फॅट-३२ या जुन्या पद्धतीने मांडलेले असतात. यात एका फोल्डरमध्ये ६५,५३४ नोंदी बसतात, पण लांब नाव एकापेक्षा जास्त नोंदी खातं. व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोचं नेहमीचं २३ अक्षरांचं नाव ३ नोंदी घेतं. म्हणजे असे साधारण २१,८०० फोटो झाले की जागा शिल्लक असूनही त्या फोल्डरमध्ये पुढचा फोटो जात नाही. त्याच्या खूप आधीच फोल्डर रेंगाळायला लागतो, कारण या पद्धतीत नोंदी ओळीने एकेक वाचत जावं लागतं. उपाय एकच, तालुका, गाव, महिना अशा सबफोल्डरमध्ये वाटून टाका.

पेन ड्राइव्ह लावल्यावर सगळे फोल्डर अचानक शॉर्टकट झालेले दिसले, तर त्यातल्या एकावरही डबल क्लिक करू नका. तो शॉर्टकट व्हायरस असण्याची शक्यता जास्त. तुमच्या फाइल्स बहुतेक वेळा तिथेच लपवलेल्या असतात. आधी विंडोज सिक्युरिटीने ड्राइव्ह स्कॅन करा.

कुठेही, कधीही अडकत असेल तर सावध व्हा

फोल्डर कोणताही असो, कॉपी करताना वेग शून्यावर येतो, विंडोज सुरू व्हायलाच पाच-दहा मिनिटं लागतात, फाइल उघडताना मध्येच ‘आय-ओ एरर’ दिसतो किंवा डब्यातून टक-टक आवाज येतो. ही लक्षणं डिस्कची असू शकतात.

टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’, मग ‘डिस्क’ बघा. डिस्क १०० टक्के व्यस्त आणि वेग मात्र काही केबीचा, असं दिसतंय? अपडेट किंवा अँटिव्हायरसचं स्कॅनिंग चालू असतानाही डिस्क १०० टक्के दिसते, पण तेव्हा सहसा वेगही दिसतो. काम दिसत नाही आणि तरी डिस्क व्यस्त आहे, तर ती एखादा खराब भाग पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत असण्याची शक्यता आहे.

खात्रीसाठी ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते, ती हे दाखवतं. निळं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे काळजी, लाल म्हणजे धोका. ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या दोन ओळींवर लक्ष ठेवा. या आकड्यांमध्ये वाढ होत असेल तर डिस्कचे दिवस भरत आलेत. ‘सीआरसी एरर काउंट’ वाढत असेल तर मात्र खुश व्हायला हरकत नाही, कारण हा दोष बहुतेकदा डिस्कला जाणाऱ्या केबलचा असतो. केबल बदलायला किरकोळ खर्च येतो.

डिस्कच खराब निघाली तर काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही हे आधी सांगतो. फॉरमॅट नाही. यूट्यूब बघून ‘चेक डिस्क’ नाही. चेक डिस्कचा खराब सेक्टर शोधणारा प्रकार अख्खी डिस्क टोकापासून टोकापर्यंत वाचतो. धडधाकट डिस्कला त्याने काही होत नाही, पण मरणाऱ्या डिस्कचा तो शेवटचा प्रवास ठरू शकतो. ती ताकद आधी कॉपी करण्यात वापरा.

कॉपीचाही क्रम असतो. जे दुसरीकडे कुठेच नाही ते पहिलं. सातबारा पुन्हा काढता येतो, आधार पुन्हा डाउनलोड होतं. आजीचे फोटो, दुकानाच्या उधारीचा हिशोब आणि गिऱ्हाइकाच्या लग्नाचं शूटिंग पुन्हा मिळत नाही. आधी ते बाहेरच्या डिस्कवर घ्या, सिनेमे शेवटी.

एक्सप्लोररने कॉपी करताना एका खराब फाइलवर गाडी अडते. विंडोजमध्येच ‘रोबोकॉपी’ नावाची कमांड आहे, ती वाचता न येणारी फाइल सोडून पुढे जाऊ शकते. पण तिला तसं सांगावं लागतं. मुळात ती एका फाइलसाठी १० लाख वेळा प्रयत्न करते आणि दोन प्रयत्नांत ३० सेकंद थांबते. हिशोब केलात तर एकाच फाइलवर वर्षभराच्या आसपास जाईल! म्हणून कमांडच्या शेवटी, इंग्रजीत, तिरकी रेघ-आर-कोलन-१ आणि स्पेस देऊन तिरकी रेघ-डब्ल्यू-कोलन-१ लिहायचं. म्हणजे एकदाच पुन्हा प्रयत्न कर, एक सेकंद थांब. सबफोल्डरही हवे असतील तर तिरकी रेघ-ई जोडायची. कमांड नवीन वाटत असेल तर जाणकाराला शेजारी बसवा.

डिस्क टक-टक वाजतेय किंवा ‘धिस पीसी’मध्ये दिसतच नाहीये, तर कॉम्प्युटर बंद करा आणि पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. तिथून पुढे डेटा रिकव्हरीवाल्याचं काम आहे.

मग विंडोज कधीच बिघडत नाही का?

बिघडतं. वीज अचानक जाणं आणि यूपीएसची बॅटरी संपलेली असणं ही जोडी आपल्याकडे नवी नाही. त्यात विंडोजच्या स्वतःच्या फाइल्स खराब होऊ शकतात. वरचं सगळं तपासून झालं, डिस्क निळी दिसतेय, तरी त्रास आहे, तर दोन कमांड आहेत. कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडून आधी ‘डिस्म’ची रिस्टोअर हेल्थ आणि मग ‘एसएफसी स्कॅननाऊ’ चालवायची. पहिली दुरुस्तीचं साहित्य नीट करते, दुसरी त्यातून खराब फाइल्स बदलते. त्याआधी एक नवीन यूजर अकाउंट बनवून बघा. तिथे एक्सप्लोरर सुरळीत चालला तर दोष तुमच्या जुन्या अकाउंटच्या सेटिंगमध्ये आहे, विंडोजमध्ये नाही.

डेस्कटॉपवर राइट क्लिक करून दहा वेळा ‘रिफ्रेश’ करण्याने काहीही होत नाही. आयकॉन पुन्हा रेखाटले जातात, बस. ‘प्रीफेच’ फोल्डर रिकामा केल्याने प्रोग्रॅम उघडायला उलट उशीर होतो. आणि ‘पीसी बूस्टर’, ‘रजिस्ट्री क्लीनर’ असली सॉफ्टवेअर टाकणं म्हणजे आधीच गर्दी असलेल्या घरात आणखी एक पाहुणा.

विंडोज १० वापरत असाल तर मायक्रोसॉफ्टने त्याचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवलाय. त्यामुळे एक्सप्लोरर हँग होत नाही, पण सुरक्षेसाठी पुढचा विचार करायला हवा.

आणि फॉरमॅट?

फॉरमॅट करायची एक योग्य वेळ आहे. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, सगळा डेटा नवीन जागी उघडून तपासला, आता जुनी डिस्क भंगारात किंवा दुसऱ्याला द्यायची आहे. सेवा केंद्राच्या त्या डिस्कवर लोकांचे आधार, पासबुक, सह्या आणि अंगठे असतात. तेव्हा मात्र नक्की फॉरमॅट करा, आणि करताना ‘क्विक फॉरमॅट’ची टिक काढा. टिक ठेवली तर फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, फाइल्स रिकव्हरी सॉफ्टवेअरला सापडतात. टिक काढल्यावर विंडोज पूर्ण डिस्कवर शून्य लिहितं. त्याला काही तास लागतील. रात्री लावून ठेवा, यूपीएस चालू आहे ना तेवढं बघा.